मामांची यादी

ताईच्या लग्नात निमंत्रितांची यादी करायचं काम माझ्याकडे आलं. घरात कॉम्प्युटरवाला मीच! आईची, बाबांची आणि धारवाडच्या मामांची अशा तीन फाइली होत्या. मी एका ओळीची शेल स्क्रिप्ट लिहिली. ‘कॅट’ने फाइली जोडायच्या, ‘सॉर्ट’ने नावं क्रमाने लावून दुबार नावं काढायची. शेवटी ‘यादी तयार’ असं उमटलं आणि पत्रिका रवाना झाल्या.

आठवड्याने मामांचा फोन आला, “अरे, आमच्याकडच्या एकालाही पत्रिका नाही?”

मामांच्या फाइलीचं नाव मी चुकीचं टाइप केलं होतं. ‘कॅट’ने तक्रार केली होती, पण ती माझ्या नजरेतून सुटली.

एका प्रोग्रामचं आउटपुट थेट दुसऱ्याला देणं म्हणजे पाइप. डग मॅकिलरॉय यांची ही कल्पना केन थॉम्पसन यांनी १९७३ मध्ये युनिक्समध्ये आणली. आपल्याकडच्या चकल्यांसारखंच ते. एकीने पीठ मळायचं, दुसरीने सोऱ्या धरायचा, तिसरीने तळायचं. पण शेल फक्त तळणारीला विचारतो, “झालं का?” ती हो म्हणाली की काम फत्ते! पिठात मीठच पडलं नाही, हे कोण सांगणार? बॅशमध्ये ‘पाइपफेल’ लावलं तर मधली चूकही कळते, पण ते आठवणीने लावावं लागतं.

पुढे तीच स्क्रिप्ट मी हॅस्केलमध्ये लिहिली. तिथे ‘टर्टल’ नावाची लायब्ररी आहे. तिच्या ‘इनप्रॉक’ फंक्शनने बाहेरचा प्रोग्राम चालवता येतो आणि त्याच्या ओळी पुढे देता येतात. मधला प्रोग्राम फसला, तर स्क्रिप्ट तिथेच थांबते. ‘यादी तयार’ उमटतच नाही.

‘कॅट’ आणि ‘सॉर्ट’च्या मध्ये मी स्वतःचं छोटं फंक्शनही बसवलं. नावाआधीचं ‘श्री.’, ‘सौ.’ आणि जास्तीची मोकळी जागा ते काढतं. त्यामुळे एकच माणूस दोनदा येत नाही. हे फंक्शन ओळ घेतं आणि ओळच देतं. चुकून आकडा दिला, तर कंपायलर प्रोग्राम चालूच देत नाही. मात्र ओळीत नाव बरोबर आहे की नाही, हे त्याला कळत नाही. ते आपणच बघायचं.

त्या वेळी मी आणि बाबांनी दोन दिवस धारवाडात घरोघरी फिरून पत्रिका दिल्या. मामा स्कूटरवर पुढे होते. आता कुठलीही यादी केली की ते आधी विचारतात, “नावं मोजलीस का रे?”

मी मोजतो.