डेटाबेसमधील इंडेक्स-वाचन आणि पानांचे पूर्ववाचन : गावदप्तराच्या दृष्टान्ताने एक विवेचन

बीजसंज्ञा : डेटाबेस, इंडेक्स, पान, पूर्ववाचन, सातबारा, आठ-अ

प्रस्तावना
महाराष्ट्रात पीककर्ज, खरेदीखत, वारसनोंद अशा प्रत्येक व्यवहारात सातबारा उतारा लागतो. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा १ मे २०१८ पासून उपलब्ध झाला. दप्तर संगणकात आले, तरी ‘हवी ती नोंद शोधण्यास किती वेळ लागतो’ हा प्रश्न कायम राहतो. या वेळेचा मोठा भाग गणनेत न जाता डिस्कवरील पान येण्याची वाट पाहण्यात जातो. ही प्रतीक्षा कमी करणारे तंत्र म्हणजे प्रीफेचिंग, अर्थात पूर्ववाचन. शासकीय प्रणालीची अंतर्गत रचना हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. गावदप्तर येथे केवळ दृष्टान्त म्हणून घेतले आहे.

गावदप्तरातील इंडेक्स
निमोणे (ता. शिरूर, जि. पुणे) यांसारख्या गावाच्या हस्तलिखित दप्तरात सातबाराची पाने गट क्रमांकानुसार लावलेली असत. गाव नमुना आठ-अ मात्र खाते क्रमांकानुसार असे व त्यात खातेदाराचे सर्व गट एकत्र नोंदलेले असत. समजा, एका खात्यात १२, ८७, १४३ व २६० हे गट आहेत आणि त्यांची पुस्तके दुसऱ्या खोलीत आहेत. तलाठ्याने कोतवालास प्रथम १२ चे पुस्तक आणावयास सांगितले, ते उतरवून झाल्यावर ८७ चे मागविले, तर चार खेपा आणि चार वेळा खोळंबा होईल. वस्तुतः आठ-अ उघडताच चारही क्रमांक ज्ञात झालेले असतात. पहिला उतारा लिहिला जात असतानाच उरलेली पुस्तके आणविता येतात.

संगणकातील प्रतीक्षा
डेटाबेसमध्ये आठ-अचे कार्य इंडेक्स करतो. रुडॉल्फ बायर व एडवर्ड मॅकक्राइट यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेली बी-ट्री ही त्याची सर्वाधिक प्रचलित रचना होय. तिच्या टोकाच्या पानांवर मूल्ये क्रमाने असतात व प्रत्येकापुढे मूळ नोंद कोणत्या पानावर आहे याचा निर्देश असतो. इंडेक्स क्रमबद्ध असला, तरी मूळ पाने डिस्कवर विखुरलेली असू शकतात.

मिनिटाला ७,२०० फेऱ्या घेणाऱ्या डिस्कची एक फेरी ८.३ मिलिसेकंदांची असते. सरासरी अर्धी फेरी आणि शीर्ष हलण्याचा काळ मिळून एका विखुरलेल्या पानास सुमारे १२ मिलिसेकंद लागतात, असे धरता येते. या हिशेबाने चार पानांचा विलंब जाणवणार नाही. परंतु एक लाख पाने एकामागून एक वाचल्यास १,२०० सेकंद, म्हणजे २० मिनिटे लागतील. एका पानास ०.१ मिलिसेकंद घेणाऱ्या एसएसडीवर हेच काम १० सेकंदांचे होईल. एसएसडी अनेक मागण्या एकाच वेळी हाताळू शकते. त्यामुळे १६ मागण्या सतत चालू ठेवल्यास हा काळ आदर्श स्थितीत एका सेकंदाहूनही खाली येतो. एकट्या फिरत्या डिस्कला मात्र एका वेळी एकच जागा वाचता येते. तेथे लाभ मुख्यतः मागण्यांचा क्रम लावून शीर्षाची धावपळ वाचविण्याचा असतो.

किती पुढचे वाचावे?
पूर्ववाचनाचे अंतर हा या तंत्राचा कळीचा मुद्दा आहे. पान येण्यास १० मिलिसेकंद आणि त्यावरील प्रक्रियेस १ मिलिसेकंद लागत असेल, तर साधारणतः दहा पाने आधी मागणी नोंदवावी लागते. अंतर कमी पडल्यास खोळंबा उरतो. फार वाढल्यास आणलेली पाने वापरापूर्वीच मेमरीतून बाहेर ढकलली जातात. पाने आधीच मेमरीत असतील, तर पूर्ववाचनाची खटपट निरर्थक ठरते. केवळ पहिल्या दहा नोंदी हव्या असताना शंभर पाने मागविणे हाही अपव्ययच.

प्रत्यक्ष प्रणालींतील उपाय
मायएसक्यूएलमधील इनोडीबी सलग ६४ पानांच्या गटातील ठरावीक पाने क्रमाने वाचली गेल्यास पुढील गट आधीच मागविते. ही युक्ती सलग वाचनास उपयुक्त असली, तरी विखुरलेल्या पानांस तिचा लाभ नाही. पोस्टग्रेस्क्यूएलमध्ये २००५ साली बिटमॅप-वाचन आले. त्यात इंडेक्समधून सर्व निर्देश आधी गोळा होतात व पाने भौतिक क्रमाने वाचली जातात. २००९ च्या ८.४ आवृत्तीत त्यास पूर्ववाचनाची जोड मिळाली. मात्र येथे इंडेक्सचा मूळ क्रम नष्ट होतो. क्रमवार उत्तर हवे असल्यास पुन्हा वर्गवारी करावी लागते. २०२५ च्या १८ व्या आवृत्तीने असमकालिक वाचन आणले. ते सलग व बिटमॅप-वाचनास लागू झाले. साध्या इंडेक्स-वाचनास त्या आवृत्तीतही लाभले नाही. इंडेक्सचा थर एका वेळी एकच निर्देश पुढे देत असल्याने, पुढची पाने इंडेक्सला ठाऊक असूनही वाचणाऱ्या थरापर्यंत ती माहिती पोहोचत नाही, हे त्याचे एक प्रमुख कारण होय.

निष्कर्ष
पूर्ववाचनाने पानांची संख्या घटत नाही. प्रतीक्षा व काम एकाच वेळी चालतात. इंडेक्सजवळ पुढील पानांचे ज्ञान असते. ते वेळेवर व योग्य प्रमाणात पुढे पोहोचविणे, हेच या तंत्राचे सार आहे. त्यामुळे मंद चालणाऱ्या प्रणालीसाठी नवे यंत्र घेण्यापूर्वी तिचा वेळ गणनेत जातो की प्रतीक्षेत, हे तपासणे इष्ट ठरते.