गोल सोडून पुढे उभा राहणारा गोलकीपर : होसे मोलिना

शाळेच्या मैदानावर फुटबॉलची टीम पाडताना गोलकीपर कोणाला करतात? ज्याला फारसं पळता येत नाही, पायाने बॉल नीट मारता येत नाही, त्याला. दोन खांबांच्या मधे उभं राहायचं आणि बॉल आला की हाताने अडवायचा, एवढंच त्याचं काम, असा आपला समज असतो.

स्पेनचा होसे फ्रान्सिस्को मोलिना या समजाच्या बरोबर उलटा होता. तो गोलच्या रेषेवर कमी आणि पुढे मैदानात जास्त दिसायचा. देशाकडून पहिला सामना खेळला, तोही गोलमध्ये नाही तर मैदानात डाव्या बाजूने. पुढे येऊन खेळण्याच्या सवयीने त्याला स्पेनमधली मोठी बक्षिसं मिळाली आणि त्याच सवयीपायी देशाची जर्सीही गेली. त्यानंतर कॅन्सरने गाठलं. त्यातूनही तो परत खेळला. आणि हाच माणूस पुढे प्रशिक्षक म्हणून भारतात येऊन दोन वेळा आयएसएलचा कप जिंकून गेला.

आधी एक नियम समजून घेऊ

मोलिनाची खेळण्याची पद्धत समजायची असेल तर १९९२ मधला एक बदल माहीत हवा. त्याआधी बचाव करणारा खेळाडू अडचणीत आला की सरळ मागे आपल्या गोलकीपरकडे बॉल ढकलायचा. गोलकीपर तो हातात घ्यायचा आणि निवांत वेळ काढायचा. बघणारे कंटाळून जायचे.

१९९२ मध्ये नियम आला की आपल्याच खेळाडूने मुद्दाम पायाने मागे दिलेला बॉल गोलकीपरने हाताने धरायचा नाही. धरला तर समोरच्या संघाला फ्री किक. त्यामुळे जगभरच्या गोलकीपरांची पंचाईत झाली. आयुष्यभर हाताचा सराव केलेला, आता पायाने खेळायचं कसं? मोलिनाला मात्र हा नियम मानवला. त्याचे पाय चांगले होते आणि पुढे यायची भीती नव्हती.

अॅटलेटिकोचं ते सोनेरी वर्ष

मोलिनाचा जन्म ८ ऑगस्ट १९७० चा, स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाचा. १९९४-९५ चा हंगाम तो अल्बासेते या छोट्या क्लबकडून खेळला आणि १९९५ मध्ये अॅटलेटिको माद्रिदमध्ये आला. तिथे सर्बियाचे राडोमिर अँटिच प्रशिक्षक होते. आपल्या संघाने पुढे सरकून खेळावं, बचावाची फळीसुद्धा मैदानाच्या मध्याकडे न्यावी, असा त्यांचा आग्रह होता.

यात फायदा असा की समोरच्या संघाला खेळायला जागाच उरत नाही. धोका असा की बचावाची फळी आणि गोल यांच्यामध्ये मोठं मोकळं रान पडतं. त्या रानात कोणी लांब बॉल टाकला आणि समोरचा वेगवान खेळाडू धावला, तर खेळ खल्लास. हे रान राखायची जबाबदारी मोलिनाची. तो पेनल्टी बॉक्सच्या कडेपर्यंत, वेळप्रसंगी बाहेरही उभा राहायचा. बॉक्सची रेषा गोलपासून साडेसोळा मीटरवर असते आणि तिच्या बाहेर गोलकीपरला हात लावायची मुभा नसते. तिथे तो इतर दहा जणांसारखाच एक खेळाडू. बॉल पायाने किंवा डोक्यानेच काढायचा.

पुढे यायचा आणखी एक फायदा असतो. अंधारात टॉर्चच्या जवळ हात धरला की भिंतीवर मोठी सावली पडते. हात भिंतीजवळ नेला की सावली लहान होते. गोलकीपरचंही तसंच आहे. गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असतो. रेषेवर उभं राहिलं तर दोन्ही बाजूंना भरपूर जागा मोकळी राहते. बॉल मारणाऱ्याच्या जवळ गेलं की त्याला गोल दिसेनासा होतो. पण त्याने बॉल डोक्यावरून उचलून टाकला, तर मागे कोणीच नसतं.

क्रिकेटमध्ये फलंदाज फिरकीला क्रीज सोडून पुढे येतो, तसाच हा प्रकार. बसला तर षटकार, चुकला तर स्टम्पिंग.

१९९५-९६ मध्ये मोलिनाचा हा फटका बसला. लीगच्या ४२ सामन्यांत अॅटलेटिकोवर फक्त ३२ गोल झाले. सर्वांत कमी गोल खाणाऱ्या गोलकीपरला स्पेनमध्ये झामोरा करंडक देतात, तो मोलिनाला मिळाला. अॅटलेटिकोने स्पेनची लीग आणि कोपा देल रे हा कप, दोन्ही एकाच वर्षी जिंकले. क्लबच्या इतिहासात असं दुहेरी यश आजवर तेवढंच. लीगचा शेवटचा सामना ज्या अल्बासेतेविरुद्ध २-० ने जिंकून विजेतेपद पक्कं झालं, तो मोलिनाचाच आदल्या वर्षीचा क्लब होता.

नॉर्वेपासून नॉर्वेपर्यंत

त्याच वर्षी २४ एप्रिल १९९६ ला ओस्लोमध्ये स्पेन आणि नॉर्वे यांचा मैत्रीपूर्ण सामना होता. सामना संपत आला असताना स्पेनचा खेळाडू लोपेझ जखमी झाला. बाकावर मैदानात उतरवायला दुसरा खेळाडू उरला नव्हता. प्रशिक्षक हाविएर क्लेमेंते यांनी मोलिनाला उठवलं आणि डाव्या बाजूला विंगर म्हणून पाठवलं. देशाकडून पहिला सामना, आणि गोलकीपर गोलमध्ये नाहीच! सामना ०-० सुटला. ही गोष्ट आजही स्पेनमध्ये हसत हसत सांगतात.

पुढची गोष्ट हसण्यासारखी नाही. २००० साली अॅटलेटिको संघ घसरला आणि खालच्या श्रेणीत गेला. त्यानंतर लगेच युरो स्पर्धा आली. मोलिना आता स्पेनचा पहिल्या पसंतीचा गोलकीपर होता. १३ जून २००० ला रॉटरडॅममध्ये पहिलाच सामना पुन्हा नॉर्वेशी. दुसऱ्या हाफमध्ये नॉर्वेच्या गोलकीपरने लांबून उंच बॉल मारला. मोलिना सवयीप्रमाणे गोल सोडून बॉल घ्यायला पुढे आला. पण नॉर्वेच्या स्टेफन इव्हर्सनचं डोकं बॉलला आधी लागलं. मागे गोल मोकळाच होता. स्पेन ०-१ हरला.

पुढच्या सामन्यापासून गोलमध्ये सांतियागो कॅनिझारेस आला. मोलिना पुन्हा कधीच स्पेनकडून खेळला नाही. देशाकडून एकूण नऊ सामने. पहिलाही नॉर्वेशी आणि शेवटचाही नॉर्वेशी.

स्ट्रायकरने दहा संधी घालवून अकरावी साधली तर लोक त्याला खांद्यावर घेतात. गोलकीपरने दहा बॉल अडवले आणि अकरावा सुटला, तर तो अकरावाच लक्षात राहतो. त्यातही जो पुढे येऊन खेळतो, त्याची चूक साऱ्या मैदानाला दिसते. रेषेवर उभं राहून गोल खाल्ला तर 'बॉलच जबरदस्त होता' म्हणतात. पुढे येऊन खाल्ला तर 'गेला कशाला तिकडे' म्हणतात.

अवघड जागेचं दुखणं

मोलिना तिथे थांबला नाही. २००० मध्येच तो देपोर्तिवो ला कोरुन्या या क्लबमध्ये गेला. ६ मार्च २००२ ला रिअल माद्रिदचा शंभरावा वाढदिवस होता आणि त्याच दिवशी रिअलच्याच मैदानावर कोपा देल रेची फायनल होती. यजमानांच्या जल्लोषाची तयारी झाली होती. देपोर्तिवोने २-१ ने जिंकून त्यावर पाणी ओतलं. गोलमध्ये मोलिना होता.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याला अंडकोषाचा कॅन्सर असल्याचं निदान झालं. वय ३२. त्याने ते लपवलं नाही. सगळ्यांसमोर सांगितलं, खेळ थांबवला आणि उपचार घेतले.

हा भाग वाचून पुढे सरकू नका. अवघड जागेचं दुखणं आपल्याकडे कोणी बोलून दाखवत नाही. हा आजार मात्र तरुणांनाच जास्त होतो, साधारण पंधरा ते चाळीस या वयात. बऱ्याचदा सुरुवातीला दुखतही नाही. अंडकोषात गाठ लागते, सूज येते किंवा जड वाटतं. दुखत नाही म्हणून माणूस महिनोन्महिने अंगावर काढतो. प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते, पण ती कसली आहे हे डॉक्टरच सांगू शकतात. सोनोग्राफी आणि रक्ताच्या तपासणीतून बरंचसं कळतं. वेळेत सापडला तर बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. लाज धरून काही महिने घालवले, तर तेच महिने महागात पडतात.

मोलिना बरा झाला आणि पुन्हा गोलसमोर उभा राहिला. २००३-०४ च्या चॅम्पियन्स लीगमध्ये देपोर्तिवोची गाठ गतविजेत्या एसी मिलानशी पडली. मिलानमध्ये देपोर्तिवो १-४ ने हरला. सगळं संपल्यासारखं होतं. ७ एप्रिल २००४ ला घरच्या मैदानावर देपोर्तिवोने मिलानला ४-० ने हरवलं आणि एकूण ५-४ ने सेमीफायनल गाठली. चार गोल मारले त्यांचं कौतुक झालंच. पण त्या रात्री एकही गोल खाल्ला असता तरी गणित फिसकटलं असतं. मोलिनाने तो खाल्ला नाही. दीड वर्षापूर्वी हा माणूस कॅन्सरचे उपचार घेत होता. २००७ मध्ये लेवान्ते क्लबकडून खेळून तो निवृत्त झाला.

अंधेरीतली ती ०-०

निवृत्तीनंतर मोलिना प्रशिक्षक झाला. स्पेन आणि हाँगकाँगमध्ये काम करून २०१६ मध्ये तो अॅटलेटिको दे कोलकाता संघाकडे आला. या संघात त्याच्या जुन्या अॅटलेटिको माद्रिद क्लबची भागीदारी होती. त्या वर्षी सेमीफायनलमध्ये समोर मुंबई सिटी होती. कोलकात्यातला पहिला सामना ३-२ ने जिंकून मोलिनाचा संघ मुंबईत आला. अंधेरीच्या मैदानावर त्यांचा एक खेळाडू रेड कार्ड मिळून बाहेर गेला. दहा जणांनी मुंबईला गोल करू दिला नाही. सामना ०-० सुटला आणि मुंबईचं फायनलचं स्वप्न तिथेच संपलं. कोचीच्या फायनलमध्ये केरळ ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून कोलकात्याने कप नेला.

२०१८ मध्ये स्पेनच्या फुटबॉल महासंघाने मोलिनाला क्रीडा संचालक केलं. ज्या देशाच्या संघातून एका चुकीमुळे नाव गेलं, त्याच देशाच्या फुटबॉलचं नियोजन त्याच्या हाती आलं. २०२४ मध्ये तो मोहन बागानचा प्रशिक्षक म्हणून पुन्हा कोलकात्यात आला आणि २०२४-२५ च्या हंगामात आयएसएलची लीग शील्ड आणि कप, दोन्ही जिंकले. खेळाडू म्हणून १९९६ मध्ये जे केलं, तेच एकोणतीस वर्षांनी प्रशिक्षक म्हणून. सर्वोत्तम गोलकीपरचा गोल्डन ग्लोव्ह त्या हंगामात त्याच्याच संघाच्या विशाल कैथला मिळाला. विशाल हिमाचल प्रदेशचा.

आता शाळेच्या मैदानावर टीम पाडाल तेव्हा गोलमध्ये सर्वांत मागच्या पोराला ढकलू नका. ज्याचे पाय चांगले आहेत आणि ज्याला पुढे यायची भीती वाटत नाही, त्याला उभं करा. आणि तो पुढे येऊन एखादा गोल खाऊन बसला, तर पुढच्या सामन्यात त्याची जागा काढून घेऊ नका.