विमान आदळते तेव्हा

कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या माणसाने विमानाविषयी काय सांगावे, असे आटपाडीकर श्रोत्यांस वाटणे साहजिक आहे. परंतु यंत्र आकाशातले असो वा कारखान्यातले, ते चालविणारी माणसे सारखीच असतात. म्हणून आम्ही हा विषय घेतला.

२५ जुलै २०२२ रोजी बारामतीहून उडालेले सेसना जातीचे लहान विमान इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीच्या शेतात कोसळले. आत एकटी शिकाऊ वैमानिक होती. ती जखमी झाली, पण वाचली. असा अपघात सर्वांना दिसतो, त्याची चौकशीही होते. परंतु धावपट्टीवर जोराने आदळूनही उभे राहिलेले विमान कोणाच्या डोळ्यांत येत नाही. खरा धोका तेथे लपलेला असतो.

धावपट्टी जवळ येताच वैमानिक विमानाचे नाक हळूच उचलतो. त्यामुळे खाली येण्याचा वेग मोडतो आणि पंखांखालची मुख्य चाके आधी टेकतात. नाक फार उंचावर असतानाच उचलले, तर पंखांचा आधार सुटून विमान धपकन खाली बसते. उशीर झाला, तर पुढचे नाजूक चाक आधी आपटते.

लहान विमानाचे पाय साधारणपणे सेकंदाला सात ते दहा फूट वेगाने खाली येण्याचा धक्का सोसतील असे बांधतात. दहा फूट वेग म्हणजे जेमतेम दीड फुटावरून वस्तू सोडण्यासारखे. ऐकताना हे किरकोळ वाटेल. पण वेग दुप्पट झाला की पायांना चौपट शक्ती जिरवावी लागते. आदळून उसळलेले विमान पुन्हा खाली दाबणे तर अधिकच घातक. अशा वेळी शहाणा वैमानिक इंजिनाला पुरा जोर देऊन वर जातो आणि फेरी मारून नव्याने उतरतो.

उतरल्यावर विमान धड दिसते. पण पायाच्या सांध्यात केसाएवढी चीर, इंजिनामागच्या पत्र्याला सुरकुती, जमिनीस घासलेले पंख्याचे पाते, यांपैकी काहीही असू शकते. म्हणून तपासणीवाचून ते पुन्हा उडवावयाचे नसते. मात्र तपासणी व्हावयाची, तर आदळले हे कोणीतरी सांगितले पाहिजे!

आम्ही पाहिलेल्या एका कारखान्यात यारीवरील ओझे मध्येच निसटून साखळीला जबर हिसका बसला. चालकाने दंडाच्या भीतीने तोंड उघडले नाही. आठवड्याने कडी तुटली आणि दुसऱ्याच कामगाराचा पाय गेला. चालक चुकला, हे खरे; पण त्याला गप्प बसविणारी भीती कोणी निर्माण केली?

भारताच्या विमान अपघात चौकशीच्या २०१७ च्या नियमांत चौकशीचा हेतू अपघात टाळणे हा आहे, दोष वाटणे नव्हे, असे नमूद केले गेले. हे तत्त्व आमच्या गिरण्यांना, एस. टी. आगारांना आणि उसाच्या कारखान्यांनाही लागू व्हावे. जो आपण होऊन ‘आदळले’ म्हणून सांगतो, त्याला शिक्षा करू नका. त्याच्या सांगण्यावर पुढच्या माणसाचा जीव अवलंबून असतो.