‘सिव्हिल डेथ’ म्हणजे काय? माणूस जिवंत, पण कायद्याच्या लेखी मृत!

माणूस जिवंत आहे. पण त्याची मालमत्ता वारसांकडे गेली आहे, लग्न मोडलं आहे आणि स्वतःच्या नावाने त्याला कोर्टात दावाही लावता येत नाही. एकेकाळी ही कायदेशीर शिक्षा होती. तिचं नाव ‘सिव्हिल डेथ’, म्हणजेच ‘नागरी मृत्यू’.

फ्रान्स आणि इंग्लंड

१८०४ च्या फ्रेंच नागरी संहितेत ही शिक्षा सविस्तर दिली होती. गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्याची पत्नी कायद्याने विधवा ठरे. तरीही दोघं एकत्र राहिले, तर पुढे होणारी मुलं अनौरस मानली जात. १८५४ मध्ये फ्रान्सने ही तरतूद रद्द केली.

इंग्लंडमध्ये याच्याशी मिळतीजुळती ‘अटेंडर’ ही पद्धत होती. दोषी माणसाचं रक्त ‘दूषित’ झालं असं मानून त्याच्या मुलांचाही वारसाहक्क तोडला जाई. १८७० च्या कायद्याने ती संपली.

आपल्याकडे काय होतं?

आज आपण ‘घटस्फोट’ म्हणजे काडीमोड समजतो. पण धर्मशास्त्रात हा वाळीत टाकण्याचा विधी होता. मनुस्मृतीनुसार पतित ठरलेल्या माणसाला नातेवाईक तो जिवंत असतानाच मृताप्रमाणे पाणी देत आणि दासी पाण्याचा घडा पायाने उलथवत असे. त्यानंतर त्याच्याशी बोलणं बंद, वारसाहक्कही बंद. जात गेली किंवा धर्म बदलला म्हणून मालमत्तेचा हक्क जाणार नाही, असा कायदा १८५० मध्ये आला.

नागरी मृत्यूचा एक प्रकार मात्र स्वेच्छेचा आहे. विधिवत संन्यास घेणाऱ्याचा पूर्वाश्रमीच्या कुटुंबातला वारसाहक्क हिंदू कायद्यानुसार संपतो.

ही कल्पना आता संपली का?

पूर्णपणे नाही. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात जन्मठेपेचे कैदी कायद्याने ‘मृत’ होते. तुरुंगात जखमी झालेल्या कैद्यांना त्यामुळे भरपाईसाठी दावा लावता येत नव्हता. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हा कायदा रद्द केला.

शिक्षा झाली म्हणून कैद्याचे सगळे मूलभूत हक्क जात नाहीत, असं भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्येच स्पष्ट केलं. मात्र १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार तुरुंगातल्या व्यक्तीला मतदान करता येत नाही. खटला अजून सुरू असलेल्या कच्च्या कैद्यालाही नाही. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेत असलेल्यांना तेवढी सूट आहे.