हाताला तंबाखूचा वास राहतो?

भाकर थापायला बसावं आणि परातीतून तंबाखूचा दर्प यावा! अकोटच्या पानठेल्यावर खर्रा घोटला जातो, तसा तो घरातही घोटला जातो. कुठे सासऱ्यांसाठी, कुठे यजमानांसाठी, आणि खरं बोलायचं तर कधी स्वतःसाठीही. मग तक्रार असते, की साबणानं वास जात नाही बाई!

जाईल कसा? तंबाखूच्या पानाचा चीक तेलकट असतो. नखांच्या कडांत नि अंगठीखाली तो दडून बसतो. म्हणून आधी अंगठी काढा. हातांना चमचाभर गोडेतेल चोळा, वर कोरडं बेसन घेऊन मळ सुटेस्तोवर घासा. मग साबण, कोमट पाणी आणि नखांना जुना ब्रश. शेवटी लिंबाची फोड फिरवा. चुन्यानं कातडी चिरली असेल तर मात्र लिंबू नको, फार झोंबतं.

तान्ह्याला घेण्याआधी तर हात धुवाच. लहानग्यांना बोटं चोखायची सवय असते, आणि निकोटिन त्यांना विषच.

पण भगिनींनो, हाताचा वास धुता येतो, तोंडातला धोका नाही. तंबाखूनं तोंडाचा कर्करोग होतो. चुन्यामुळे निकोटिन अधिकच लवकर भिनतं. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली, घरातल्या डबीवर ती आपणच घालायची. सोडायचं मनात असेल, यजमानांच्या किंवा तुमच्या, तर १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर सल्ला मोफत मिळतो. विचारायला लाज कसली?