अक्षयनीवी : विहारांच्या कायम निधीचा एक प्राचीन आदर्श

रत्नागिरी जिल्ह्यातील बौद्ध वाड्यांमध्ये विहार उभारणे ही आता दुर्मिळ गोष्ट राहिलेली नाही. गावकरी श्रमदान करतात, मुंबईकर मंडळ पावतीपुस्तके घेऊन घरोघर फिरते आणि जांभ्याच्या भिंती उभ्या राहतात. प्रश्न त्यानंतरचा आहे. कोकणच्या पावसात काही वर्षांतच छप्पर गळू लागते. वर्षावासासाठी भिक्खूंना निमंत्रण द्यावे, तर तीन महिन्यांच्या भोजनदानाची तरतूद नसते. मग पुन्हा त्याच दात्याच्या दारी जावे लागते. दाता कंटाळतो तो दान देऊन नव्हे. आपले दान कोठे मुरले हे न कळल्याने कंटाळतो, असे आम्हांस वाटते.

दापोली तालुक्यातील पन्हाळेकाजीची २९ लेणी आपण अभिमानाने पाहतो. आरंभी ती बौद्ध होती. पुढे तेथे गाणपत्य व नाथपंथीय आले. दगड टिकला, संघ राहिला नाही. म्हणून वास्तू आणि संस्था यांतील भेद आपण ओळखला पाहिजे.

प्राचीन दात्यांनी तो ओळखला होता. नाशिकच्या त्रिरश्मी पर्वतावरील लेणे क्र. १० मध्ये नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. लेणे अर्पण करून तो थांबला नाही. वर्ष ४२ मध्ये त्याने चातुर्दिश संघाला ३,००० कार्षापणांची 'अखयनिवि', म्हणजे अक्षयनीवी दिली. नीवी म्हणजे मुद्दल. ते कधीही मोडावयाचे नाही, केवळ वाढ उपभोगावयाची, असे लेख स्पष्ट सांगतो. गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे २,००० कार्षापण दरमहा शेकडा १ या दराने, तर दुसरीकडे १,००० कार्षापण दरमहा शेकडा पाऊण या दराने ठेवले. ठेव एकाच ठिकाणी ठेवली नाही, हे ध्यानात घ्यावे.

आता हिशेब पाहू. २,००० वर दरमहा २०, म्हणजे वर्षाला २४० कार्षापण. लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ द्यावेत, असे लेखात आहे. बेरीज नेमकी २४० ! गरज आधी मोजली आणि त्यावरून मुद्दल ठरवले, असेच यावरून दिसते. आपण मात्र जमेल तेवढे जमवतो आणि मग खर्च शोधतो. उषवदाताने याशिवाय चिखलपद्र गावी नारळाची ८,००० झाडेही दिली. नारळ लावणारा किती वर्षांचा विचार करतो, हे कोकणी माणसास सांगावयास नको. हे सारे दान निगमसभेत जाहीर करून फलकावर नोंदविण्यात आले.

हे राजकुलाचे दान, आपणांस कसे साधणार, असे कोणी म्हणेल. परंतु कुडा येथील दात्यांत माळी आहे, लोखंडाचा व्यापारी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे उत्पन्नाचा विसावा भाग धम्मकार्यास देण्याचे आवाहन केले, ते सामान्य माणसांनाच.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० अन्वये नोंदलेल्या विहार-संस्थेने जयंतीच्या वर्गणीपासून वेगळे असे कायम निधीचे खाते उघडावे. समजा, २ लाखांवर दरसाल शेकडा ६ दराने १२,००० रुपये आले. ते सर्व खर्चू नयेत. महागाई वाढतच राहते. सिगालोवाद सुत्तात गृहस्थाने चौथा भाग आपत्काळासाठी राखावा, असे सांगितले आहे. तोच नियम लावून ३,००० मुद्दलात घालावेत आणि ९,००० छप्पर किंवा भोजनदान यांपैकी आधी ठरविलेल्या एकाच कामी लावावेत.

दात्याचे नाव कोरणे म्हणजे अहंकार, असे काही धम्मबांधव म्हणतात. आम्हांस ते पटत नाही. प्राचीन लेखात नावाबरोबर रक्कम, प्रयोजन आणि ठेवीचे ठिकाणही येते. त्यामुळे दात्याइतकाच घेणाराही बांधला जातो. विहाराच्या भिंतीवर तसाच फलक असावा, आषाढ पौर्णिमेस वर्षाचा हिशेब सभेत वाचावा आणि त्याची एक प्रत मुंबईकर मंडळास पाठवावी.