गाणं एक, आवाज तीन : मागं-पुढं झालेलं रेकॉर्डिंग कसं जुळवायचं

मी बाळापूरहून बोलते आहे, बचत गटांची समन्वयक. एरवी मी तुमच्याशी हप्ते, नोंदवह्या आणि बँकेच्या फॉर्मवर बोलते. आज गाण्यावर बोलणार आहे. पण हिशेब यातही आहे, सेकंदांचा.

भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आपल्याकडे भुलाबाई बसते. गेल्या वर्षी आमच्या गटानं ठरवलं की भुलाबाईची गाणी रेडिओसाठी रेकॉर्ड करायची. पण दिवस निंदणाचे. सगळ्या एकाच वेळी, एका जागी जमणार कशा? म्हणून आवाज वेगवेगळे घेतले. आधी गल्लीतल्या आजींच्या घरी जाऊन त्यांचं गाणं घेतलं. मग एकीनं ते गाणं कानात ऐकत ढोलकी वाजवली. बाकीच्यांनी आपल्या घरी मागची ओळ म्हणून पाठवली. अशा प्रत्येक वेगळ्या आवाजाच्या पट्टीला ट्रॅक म्हणतात.

तिन्ही ट्रॅक एकत्र लावले आणि नुसता गोंधळ! आमच्या काकू म्हणाल्या, "काहून व माय, ढोलकी आजीच्या मांगं धावून राह्यली का?" पुन्हा रेकॉर्ड करू म्हणता म्हणता दिवाळी झाली, आणि पौष महिन्यात आजी गेल्या. आता त्यांना पुन्हा गायला लावणं शक्य नव्हतं. जे होतं तेच जुळवायचं होतं.

ते जुळवताना जे शिकले, ते सांगते. पहिली गोष्ट, घाईनं काही सरकवू नका. गाणं सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी अशा तीन ठिकाणी ऐका. बिघाड तीन प्रकारचा असतो आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

पहिला प्रकार : ट्रॅक सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच मागं आहे. आमची ढोलकी तशी होती. कारण बिनवायरचा, ब्लूटूथचा इअरफोन. मोबाइल आवाज बारीक बांधून पाठवतो, इअरफोन तो उलगडतो. यात सेकंदाचा दहावा भाग, कधी पाव सेकंदही जातो. वाजवणारीला गाणंच उशिरा ऐकू येतं, म्हणून तिची थापही उशिरा पडते. तिची काही चूक नसते. उपाय सोपा आहे. तो अख्खा ट्रॅक तेवढाच डावीकडे सरकवायचा. पुढच्या वेळी वायरचा इअरफोन वापरायचा.

दुसरा प्रकार : सुरुवातीला जुळतं, पण फरक हळूहळू वाढत जातो. दोन घड्याळं एकदम लावली तरी महिन्यानं त्यांत थोडा फरक पडतो, तसंच दोन मोबाइलचं असतं. चार मिनिटांच्या गाण्यात तो फरक सहसा कळत नाही, तासाभराच्या कार्यक्रमात कळू शकतो. लहान गाण्यातच फरक मोठा दिसला तर सेटिंग पाहा. मोबाइल आवाजाचे सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० नमुने घेतो. ४८,००० चं रेकॉर्डिंग चुकून ४४,१०० समजून वाजलं, तर चार मिनिटांचं गाणं सुमारे २१ सेकंदांनी लांबतं आणि आवाजही जाड येतो. म्हणून सगळ्यांनी एकच आकडा ठेवायचा.

तिसरा प्रकार : कधी पुढं, कधी मागं. हे यंत्राचं नाही, माणसाचं आहे. घरी एकटीनं म्हणताना लय हलते. इथं अख्खा ट्रॅक सरकवून भागत नाही. कडव्याकडव्याचे तुकडे करून एकेक जुळवावा लागतो. श्वास घेतो त्या जागी कापलं तर कापल्याचं कळत नाही.

आता प्रत्यक्ष काम. गटातल्या कुणाच्या मुलामुलीकडे संगणक असेल तर त्यावर ऑडॅसिटी नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घ्या. मूळ फाइलला हात लावायचा नाही, तिची प्रत काढूनच काम करायचं. व्हॉट्सअॅपवर मागवायची असेल तर फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. मग सगळे ट्रॅक एकाखाली एक उघडा. आवाज लाटेसारखा दिसतो आणि टाळी किंवा थाप उंच सुळक्यासारखी दिसते. चित्र मोठं करा आणि ट्रॅकच्या तुकड्याची वरची पट्टी धरून सुळक्याखाली सुळका येईपर्यंत सरकवा. फरक वाढत जाणारा असेल तर चेंज टेम्पो वापरा. त्यात हवी ती लांबी सेकंदांत लिहिता येते आणि आवाजाची पट्टी बदलत नाही.

आजींच्या रेकॉर्डिंगमध्ये जुळवायला टाळी नव्हती. पण गाताना त्या मांडीवर हात मारत होत्या. तो बारीक सुळका आम्हाला दिसला आणि ढोलकीची थाप आम्ही त्याच्याखाली आणली. तिसऱ्या कडव्यात आजी संथ झाल्या होत्या. संगणकावर बसलेली मुलगी म्हणाली, "आजीला ताणून सरळ करू का?" आम्ही नाही म्हटलं. आजींना थोडा दम लागला होता, तो तसाच राहू दिला. ढोलकीचे तुकडे करून त्यांच्यामागं बसवले, मागची ओळही तशीच बसवली. जो आवाज पुन्हा मिळणार नाही तो जागचा हलवायचा नाही, बाकीचे त्याला जुळवायचे, हा आमचा नियम झाला.

पुढच्या वेळी हा त्रास कमी व्हावा म्हणून एवढं करा. प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला "एक, दोन, तीन" मोजून एक जोरात टाळी वाजवा. ती टाळी आधीच्या ट्रॅकमधल्या टाळीवरच पडली पाहिजे. शेवटीही तशीच एक वाजवा. सिनेमावाले पाटी आपटतात ती चित्र आणि आवाज असेच जुळवायला. लय धरणारीचा ट्रॅक आधी घ्या, बाकीच्यांनी तो ऐकत गायचं. ऐकताना स्पीकर लावू नका, नाहीतर जुना आवाज नव्यात शिरतो. मोबाइल तोंडापासून हातभर अंतरावर ठेवा. आवाजाला एक मीटर जायला सेकंदाचा सुमारे तीनशे चाळिसावा भाग लागतो. तेवढ्यानं काही बिघडत नाही, पण खोलीच्या दुसऱ्या टोकाचा मोबाइल सोबत मिसळला की आवाज पोकळ लागतो.

आणि जात्यावरच्या ओव्या घ्यायच्या असतील तर ठोक्याचं यंत्र लावू नका. जात्याच्या घरघरीत लय असतेच. जातं आणि बाई यांचा आवाज एकत्रच घ्या.

आजींचं गाणं आता तयार आहे. परवा ते गटात लावलं, तर काकू दुसऱ्या कडव्यापासून सोबत म्हणू लागल्या. यंदा भुलाबाई बसेल तेव्हा ते तुम्हाला याच केंद्रावर ऐकायला मिळेल. तुमच्या गावात अशी गाणी येणारी कुणी म्हातारी असेल, तर निंदण संपायची वाट पाहू नका. याच आठवड्यात मोबाइल घेऊन तिच्याकडे जा. आणि गाणं सुरू करायच्या आधी तिला एक टाळी वाजवायला सांगा.